सन २०८५, मु. पो. पिंपळदरी

लातूर,
३ मार्च २०२४

ती. दादास,
लुंबिनीचा सविनय जयभीम वि. वि.

सोबतच्या पाकिटात माझ्या कादंबरीची पहिली पाच प्रकरणं आहेत. मोबाईलवर पाठवली असती, पण तुमच्या पिंपळदरीत पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही आणि तुझ्या लाल पेनाला कागदाशिवाय करमत नाही. शिवाय फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं. आपले आण्णा रेल्वेत नोकरीला असताना जसं पत्रानं चालायचं तसंच चालू दे.

विज्ञानकथा आहे. सन २०८५. गाव आपलंच, मुखेड तालुक्यातलं, फक्त साठ वर्षं पुढचं. रानोरान उंच मनोरे उभे आहेत, ते आभाळातली वीज खाली पडायच्या आत ओढून घेतात आणि साठवून ठेवतात. प्रत्येक माणसाच्या कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र आहे. वीज पडायची असली की ते कानात सांगतं आणि माणसं रान सोडून निवाऱ्याला जातात. माझ्या कादंबरीत विजेनं कुणी मरत नाही.

हे का लिहिते आहे ते तुला सांगायला नको. मागच्या पावसाळ्यात वहिनीच्या टोळीतली कौसाबाई लिंबाखाली उभी असताना विजेनं गेली. घटकाभर आधी वहिनी तिच्या शेजारच्याच ओळीत पात धरून होती. तिच्या जागी वहिनी असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही. मास्तराची बायको असून ती खुरपणी-काढणीच्या टोळीची मुकादमीण होऊन उघड्या रानात राबते, तू काही बोलत नाहीस, आणि बोललास तरी ती ऐकायची नाही हेही मला ठाऊक आहे. म्हटलं, निदान कादंबरीत तरी तिच्या कानामागे काहीतरी बसवावं.

झोडपायचं तेवढं झोडप. वहिनीलाही वाचून दाखव. तुमचा आदर्श नांदेडच्या होस्टेलवर रुळला का ते कळव.

तुझी लाल शाई आणि माया, दोन्हींची वाट पाहणारी,
लुंबिनी

---

पिंपळदरी, ता. मुखेड,
१९ मार्च २०२४

चि. लुंबिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पाकीट मिळालं. एवढं जड म्हणजे कुणाच्यातरी लग्नाच्या पत्रिका असणार, असं म्हणून तुझ्या वहिनीनं ते माझ्याआधी फोडलं आणि तिची निराशा झाली.

पाचही प्रकरणं वाचली. भाषा चांगली आहे, ती तुझी पहिल्यापासून आहे. पण बाई, तुझ्या २०८५ सालावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्या गावात सगळं नवं आहे, जुनं म्हणून एक वस्तू नाही. असं गाव कधी कुणी बघितलंय का? आपल्या घरात मिक्सर येऊन किती वर्षं झाली, तरी पाटा-वरवंटा मोरीशेजारी आहेच आणि शेंगदाण्याची चटणी त्यावरच होते. शाळेला सरकारनं मोठा पडदा दिला. त्याचा रिमोट हरवला, म्हणून मी फळ्यावरच शिकवून राहिलो. साठ वर्षांनी तुझे मनोरे असतील, कबूल. पण त्यातला एखादा गंजलेला असेल आणि त्याला कुणीतरी शेळी बांधलेली असेल. ती शेळी मला तुझ्या कादंबरीत कुठे दिसली नाही.

कानातलं यंत्र गावात आलं, एवढं एका वाक्यात लिहून तू मोकळी झालीस. कुणाकडे आधी आलं? आपल्याकडे नळ आला तेव्हा आधी कुठल्या गल्लीत आला आणि आपल्या वस्तीत कधी पोचला, ते तू विसरली नसशील. सुधारणा कुणाच्यातरी दारातून आत येते आणि ते दार कुणाचं हे लेखकानं सांगितलं पाहिजे. मग यंत्रानं सांगितल्याबरोबर सगळी माणसं उठून चालू लागतात, हे तर मुळीच पटलं नाही. मी इतकी वर्षं शाळेची घंटा वाजवतोय. घंटेनं कुणी येत नाही. मी फाटकात जाऊन उभा राहिलो की येतात.

वहिनीला दोन प्रकरणं वाचून दाखवली. तिचं म्हणणं पडलं की दिवसभर कानात कुणी बोलून राहिलं तर बायांनी गप्पा कधी मारायच्या, टोळीचं निम्मं काम गप्पांवरच होतं. शिवाय तिनं मला विचारलं, की वीज येणार म्हणून एखादी बाई उठली आणि मुकादमीण उठली नाही, तर ती बाई रान सोडून जाईल का? मी म्हणालो, जाईल. त्यावर ती म्हणाली की मास्तर, न्हाई जायची. टोळीत तशी रीतच नाही म्हणे. मुकादमणीनं हाक दिल्यावर सगळ्या बसतात आणि तिनं हाक दिल्यावरच सगळ्या उठतात.

आदर्श मेसच्या जेवणाला नावं ठेवतो, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

रागावलीस तर चालेल, लिहिणं मात्र सोडू नकोस.
तुझा दादा,
आनंदराज

---

लातूर,
७ एप्रिल २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

रागावले होतेच. दोन दिवस तुझं पत्र उशीखाली कोंबून ठेवलं. मग काढलं आणि तुझी शेळी तिसऱ्या प्रकरणात बांधली. आता ती तिथे इतकी शोभते की मनोऱ्यापेक्षा तीच उठून दिसते.

माझे पुण्याचे संपादक मात्र तुझ्या अगदी उलट. त्यांनी कळवलंय, की शेळ्या वाचकाला रस्त्यावरही दिसतात, विज्ञानकथेत त्याला उद्याचं जग बघायचं असतं. गाव फारच आजचं वाटतं, असा त्यांचा शेरा आहे. तुमच्या दोघांच्या मध्ये माझं भरीत व्हायची वेळ आली आहे. कॉलेजात माझ्या फिजिक्सच्या वर्गात डॉक्टर व्हायला आलेली पोरं मला विजेचे व्होल्ट घडाघडा म्हणून दाखवतात. वीज कडाडत असताना रानात असलेल्या माणसानं काय करावं, असं विचारलं तर हा प्रश्न परीक्षेला येतो का, असं मलाच विचारतात.

पण दादा, तुझं एक म्हणणं मला टोचतंय. सगळं उशिरा येणार, अर्धं येणार, मोडकं येणार, हेच खरं धरून मी लिहिलं तर त्या मधल्या वर्षांत किती कौसाबाई जाणार? तू त्याला वास्तव म्हणतोस. मला त्याची चीड येते. कल्पनेतसुद्धा तू मला घाई करू देत नाहीस.

वहिनीचा प्रश्न मात्र वहीत उतरवून घेतला आहे. माझ्या २०८५ मध्ये आता यंत्र आधी मुकादमणीच्या कानात बोलतं आणि ती बाकीच्यांना उठवते. तिला सांग, तिच्या हातात कारभार दिला आहे.

तुझं प्रेम आहे तसंच असू दे, टीका थोडी कमी केलीस तरी चालेल.
लुंबिनी

---

पिंपळदरी,
२८ मे २०२४

चि. लुंबिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

या वेळी कादंबरीवर लिहीत नाही. परवा दुपारी बरड माळावर वीज पडून मलप्पा गेला. मेंढ्या राखणारा मलप्पा, तुला लहानपणी घोंगडीत घेऊन बसायचा तो. मेंढ्या त्याच्याभोवती गोल करून मरून पडल्या होत्या. पावसाचा एक थेंब नव्हता, नुसतं आभाळ.

हवामान खात्याचा इशारा आला होता. आपले सरपंच शेषेराव यांच्या मोबाईलवर आला होता. ते देगलूरला लग्नात, पंगतीत बसलेले. वाचला आणि खिशात घातला. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं आणि माझ्यासमोर रडले. त्यांना काय दोष देऊ? इशारा अगदी वेळेवर आला, फक्त ज्याच्यासाठी होता त्याच्याकडे आला नाही. तुझ्या पाचव्या प्रकरणात मी याच जागी लाल रेघ मारली होती. ती रेघ खरी ठरली याचा आनंद वाटत नाही.

तू म्हणालीस, मी घाई करू देत नाही. आता मीच घाई करतो. पुढच्या महिन्यात बायका खुरपणीला रानात उतरतील आणि त्यांच्यापुढे तुझी वहिनी असेल. तू २०८५ पर्यंत थांबू शकतेस, मी थांबू शकत नाही. तू फिजिक्सची मॅडम आहेस. टाकीवर रेंज येते. तिथे तो इशारा पकडून मोठ्यानं वाजवील असं काही तुला करता येईल का? ढग आले की आमची लाईट पहिल्यांदा जाते, हे ध्यानात ठेव.

लवकर ये. आल्यावर भांडू.
दादा

---

पिंपळदरी,
१५ जुलै २०२४

चि. लुंबिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू इशारा पकडणारा डबा बसवून गेलीस त्याला महिना होत आला. डबा चांगला आहे. सोलरची पाटी चालते, इशारा येतो, भोंगा वाजतो. भोंगा कुठे लावायचा यावर किती बैठका झाल्या ते तू पाहिलंच आहेस. विहारावर लावला तर तिकडच्यांना चालेना, देवळावर लावला तर आपल्यांना. शेवटी पाणी सगळे पितात म्हणून टाकी ठरली. तुझ्या कादंबरीत मनोरे उभे राहतात तेव्हा एकही बैठक होत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

पण भोंगा वाजतो आणि कुणी हलत नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हा पोरं रस्त्यावर बघायला धावली. कुणाला वाटलं ॲम्ब्युलन्स आली, कुणाला वाटलं धरणाचं पाणी सोडलं. रानातल्या बायांनी मान वर केली आणि परत खाली घातली. तुझी वहिनीही उठली नाही. मी संध्याकाळी तिच्यावर भडकलो. ती म्हणाली, भोंग्याला काय कळतं, तो नुसता बोंबलून राहिला, कुणाला बोंबलतो ते तर सांगत नाही. त्यातून काम गुत्त्याचं. सगळं रान उरकल्यावर मजुरी, मधेच उठलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी तिथेच. त्या दिवशी वीज पलीकडे होनवडजच्या अंगाला पडली. दर वेळी पलीकडे पडणार नाही.

तुझ्याकडे काही तोड असली तर सांग. माझी अक्कल संपली.
आनंदराज

---

लातूर,
२१ जुलै २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

तोड तुझ्या घरातच आहे आणि तुझी बोलणी खाते आहे. बाया कुणाच्या हाकेनं उठतात? मग भोंग्याचा बोंबलणारा आवाज काढून टाक आणि वहिनीची हाक भर. डब्यात आवाज कसा बदलायचा ते सोबतच्या कागदावर चित्र काढून दिलं आहे. वहिनीला मोबाईलपुढे लाजू देऊ नकोस. रानात ओरडते तसंच ओरडायला सांग.

मला हे सुचल्यावर इतका आनंद झाला की वर्गात पोरांना सुट्टी दिली. कादंबरीतही हेच करते आहे. यंत्राला यंत्राचा आवाज नको, ओळखीच्या माणसाचा हवा. संपादकांना ही कल्पना एकदम आवडली. तू काय म्हणतोस ते बघू.

अधीर झालेली,
लुंबिनी

---

पिंपळदरी,
२५ ऑगस्ट २०२४

लुंबिनीताईस,
तुमच्या वैनीचा जयभीम.

मास्तर म्हनले मीच लिहितो, पर म्या म्हनलं आवाज माझा हाय तर पत्र बी माझंच जाऊ द्या. सातवी शिकल्यालं हाय, शुद्धलेखन काढू नका.

ताई, तुमी लई मोठी करामत केली. मला मास्तरांनी शाळेच्या मागं उभं केलं अन् मोबाईल धरला. मी सगळी टोळी डोळ्यांपुढं आनली अन् वरडले, बायांनो उठा गं, खुरपी टाका, आभाळाचा भरवसा न्हाई, घरला चला. मास्तर दचकले. म्हनले घरात कधी एवढ्यानं बोलत न्हाईस. म्या म्हनलं घरात ऐकनारं कोन हाय.

आता आभाळ भरलं की मी टाकीवरून वरडते. बाया पटापटा उठत्यात. पलीकडच्या शिवारातल्या बाया बी उठत्यात, ज्यांची मी मुकादमीण बी न्हाई. सरपंचाची मालकीन म्हनली, चांगुणाबाई, तुमी तर आमदारावानी झालात. मी रानातच असले की मला लई हसू येतं. तिकडं टाकीवर मी, हितं बी मी. टोळीतली तुळजाबाई इचारती, कोन्त्या चांगुणाचं ऐकावं? म्या म्हनलं चला गं, दोघी बी एकच सांगून राहिल्यात.

कधी कधी आभाळ नुसतं येतं अन् जातं. तवा रामलिंगसारखे शेतवाले कुरकुर करत्यात. करू द्या.

तुमच्या पुस्तकात मला घातलं म्हनं. घाला, पर लुगडं बरं द्या. साठ वर्सांनी बी मी जुन्यातच फिरायची का? पंचमीला आला न्हाईत, दिवाळीला या. पुरनपोळी करते, मास्तरांच्या लाल पेनाला हात लावू देत न्हाई.

तुमची वाट बघून राहिलेली,
चांगुणा

---

लातूर,
१० ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी त्याच दिवशी गाडी पकडून निघून आले. तुला नीट भेटलेही नाही. मला तिथे थांबवेना. वहिनी वीज पडून गेली, हे वाक्य मी लिहून पाहते आहे, पण ते दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटतं.

तू पुढच्या खोलीत पाहुण्यांमध्ये बसला होतास तेव्हा मी टाकीवर चढले होते. आदर्श खाली उभा होता. डब्यात नोंद राहते. इशारा आला होता, भोंगा वाजला होता, वीज पडायच्या कितीतरी आधी वाजला होता. टाकीपासून रामलिंगच्या रानापर्यंत आवाज स्पष्ट जातो, ते आपणच जूनमध्ये ऐकून पाहिलं होतं. मग ती रानात का होती, दादा? दिवसभर मी बायांच्या तोंडाकडे बघत होते, पण विचारायचं धाडस झालं नाही. तुला विचारते आहे. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

खाली उतरले तेव्हा आदर्श म्हणाला, की आत्या, तो आवाज काढून टाक. ढग आले आणि आई वरून ओरडली तर मी या गावात राहू शकणार नाही. मला त्या वेळी हात लावता आला नाही. तू काढ.

जेवत जा.
लुंबिनी

---

पिंपळदरी,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. लुंबिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. तुळजाबाई मुखेडच्या दवाखान्यातून घरी आली, मग मी जाऊन विचारलं. ती त्या वेळी चांगुणाच्या जवळच होती. तिचा उजवा हात अजून उचलत नाही. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

रामलिंगच्या रानात सोयाबीनची काढणी चालली होती, काम गुत्त्याचं. थोडंच राहिलं होतं, प्रत्येकीची शेवटची पात. आभाळ भरून आलं आणि टाकीवरून हाक आली. सगळ्या बाया विळे खाली ठेवून उठल्या आणि नेहमीसारख्या चांगुणाच्या तोंडाकडे बघू लागल्या. ती हसली. म्हणाली, की टाकीवरच्या चांगुणाला काय माहीत किती राहिलंय, ती बसलीय वर आरामात. हातची पात पुरी करा गं, मी ढिगावर ताडपत्री टाकते, मग निघू. बाया परत वाकल्या. एकीनंही का म्हणून विचारलं नाही. चांगुणाची पात आधी उरकली. ती ढिगाकडे गेली आणि ताडपत्री ओढत असताना वीज पडली.

एवढंच आहे. आपला डबा चालला, भोंगा चालला, आवाज रानात पोचला, बायांनी ओळखला आणि त्या उठल्यासुद्धा. तू आणि मी बसून रेंज हिशेबात धरली, लाईट धरली, देऊळ आणि विहार धरलं. बायांनी ऐकावं म्हणून तिचा आवाज भरला. पण तो आवाज जिचा, ती स्वतः पुढ्यात उभी राहून दुसरंच काही सांगेल, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, मला तरी यायला हवं होतं.

तुला दोष देत नाही. तू स्वतःला दिलास तर मला आवडणार नाही. तुळजाबाई सांगताना रडत होती आणि मी तिलाच समजावत होतो. घरी आल्यावर मग माझाही बांध सुटला.

टाकीवर चढायला अजून पाय धजत नाहीत.
दादा

---

लातूर,
६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम.

पत्र वाचलं. दिवाळीच्या सुट्टीत तू एकटाच होतास, आदर्श नांदेडहून आला नाही, हे त्याच्याकडूनच कळलं. त्याला रागावू नकोस. तो अजून त्या भोंग्याचंच विचारतो. पोरगं घरी यायला हवं असेल तर तो आवाज उतरवायला हवा, एवढं माझं ऐक. तुझा स्वतःचा भर. मास्तर म्हणून गाव तुला मानतं.

कादंबरी मी थांबवली आहे. संपादकांचा फोन आला होता, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं. नंतर हळूच म्हणाले, की हे जर कथेत आलं तर वाचकाला पटणार नाही, फारच जुळवून आणल्यासारखं वाटेल. मी फोन ठेवून दिला. मला त्यांचाही राग येत नाही. मी स्वतःही ते पटवून घेऊ शकत नाही.

साठ वर्षांनंतरच्या जगात मी सगळ्यांना वाचवत होते. त्या जगाची मला आता शरम वाटते.

तुझीच,
लुंबिनी

---

पिंपळदरी,
८ डिसेंबर २०२४

चि. लुंबिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात टाकीवर चढलो आणि आवाज बदलला. बायांनो, वीज पडण्याची शक्यता आहे, त्वरित सुरक्षित ठिकाणी जावे, असं माझ्या आवाजात भरलं. आदर्शला कळवलं. शनिवारी येतो म्हणाला.

तो यायच्या आधीच अवकाळीचं आभाळ आलं. बाया कापूस वेचत होत्या. माझा आवाज वाजला. मी शाळेच्या गच्चीवरून बघत होतो. बायांनी मान वर केली, टाकीकडे बघितलं, आणि वेचत राहिल्या. वीज बांधावरच्या बाभळीवर पडली. बाभूळ मधोमध चिरली. जीव कुणाचा गेला नाही, पण जायला वेळ लागला नसता.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई चार बायांना घेऊन शाळेत आली. बसा म्हणालो तर बसल्या नाहीत. तिनं सांगितलं, की मास्तर, चांगुणाला परत लावा. मी म्हणालो, आदर्शला तो आवाज ऐकवत नाही. मलाही ऐकवत नाही. ती म्हणाली की हाव, खरं हाय, पर आमच्या बी घरी लेकरं हायती. त्याच संध्याकाळी चढलो आणि परत लावला. आदर्शला फोन केला. तो म्हणाला, की मग मी येत नाही, बाबा. मी त्याला आग्रह केला नाही. त्याच्या जागी तो बरोबर आहे.

मी कुठल्या जागी आहे ते मला कळत नाही. ती हाक ऐकली की जीव जातो, आणि आभाळ स्वच्छ असलं की मी दिवसभर ढगांची वाट बघतो. हे तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

कादंबरी पुरी कर. शरम वाटायचं कारण नाही. तू सगळ्यांना वाचवत होतीस यात काही चुकलं नव्हतं, मीच ते अवघड करून ठेवत होतो. फक्त पुढच्या जगात यंत्र चालू झालं की गोष्ट संपवू नकोस. ते चालू झाल्यावर कुणाच्या घरात काय झालं तेही लिही. संपादकांना पटलं नाही तर राहू दे. मला पाठव, मी वाचीन.

परवा परत आभाळ आलं. चांगुणानं हाक दिली. मी फाटकात उभा होतो. बघता बघता सगळं रान रिकामं झालं. बाया वेचलेला कापूस तिथेच टाकून धावत आल्या, एकही मागे राहिली नाही. तुळजाबाई सगळ्यात पुढे होती, दुखऱ्या हाताला दुसऱ्या हातानं धरून. मी तिला म्हणालो, की आज लई लवकर आलात. ती थांबली, दम खाल्ला, आणि म्हणाली, की येनारच की मास्तर, हातचं पुरं करा म्हननारी आता रानात कुनी न्हाई.

जमेल तेव्हा ये.
तुझा दादा,
आनंदराज